लढाईचा चाकू, शेतातली कामं

अमेरिकन मरीन दलाचा का-बार चाकू धरल्याधरल्या आवडतो. ७ इंची पातं, टोकाकडे पाठ आत घेतलेली, पात्याच्या अंगावरून गेलेली पन्हळ, मुठीला चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून दाबलेल्या, आणि मूठ व पातं यांच्या मध्ये दोन्हीकडे बाहेर आलेली लोखंडी आडपट्टी. माझ्याकडचा चाकू याच घडणीचा आहे. आतेभाऊ परदेशातून येताना घेऊन आला. मी राहतो धुळ्यात. सासुरवाडी साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे. तिथे शेत आहे, बांधाला बाभळी आणि सुबाभूळ आहे, मागे डोंगर आहे, थंडीत भरताच्या पार्ट्या आहेत. चाकूला काम शोधायला लांब जावं लागत नाही.

मला बघायचं होतं ते एवढंच, की माणसावर चालवायला घडवलेला चाकू रानातल्या रोजच्या कामाला लावता येतो का, आणि लावायचा तर त्यात काय काय बदलावं लागतं. शोकेसमध्ये ठेवायला मी तो घेतलाच नव्हता.

हा चाकू कुठून आला ते आधी सांगायला हवं, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैन्याने खंदकातल्या झटापटीसाठी एक सुरा काढला होता, १९१८ सालचा. त्याच्या मुठीलाच बोटं घालायचा धातूचा ठोसा जोडलेला. अंगावर आलेल्याला आवरायला ठीक, पण त्याने लाकूड तासून बघा! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी फेअरबेर्न आणि साइक्स यांनी दुधारी खंजीर आखला. दोघेही आधी शांघायच्या पोलिसांत होते, गल्लीबोळातली मारामारी त्यांनी जवळून पाहिलेली. १९४१ मध्ये विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने तो बनवायला घेतला. भोसकण्यासाठी त्याहून नेमकं हत्यार क्वचितच कोणी केलं असेल. अमेरिकेच्या मरीन रेडर पथकांनी त्याच धर्तीवर आपला खंजीर करून घेतला आणि पॅसिफिकच्या बेटांवर नेला. तिथे सैनिकांनी त्याने डबे फोडले, खोकी उचकटली, आणि त्याची निमुळती टोकं मोडू लागली. लढाईचे क्षण मोजके असतात. डबे, दोऱ्या, खोकी आणि तंबूच्या खुंट्या यांना रोजचा दिवस पुरत नाही. मरीन दलाने १९४२ साली स्वीकारलेला का-बार या दोन्ही बाजूंचा विचार करून केलेला होता. धार एकाच बाजूला, पातं रुंद, पाठ जाड, टोक तीक्ष्ण पण खंजिरासारखं नाजूक नाही. पुढे सैनिकांनी त्याने खड्डे खणले, खिळे ठोकले, फांद्या तोडल्या, आणि अधूनमधून लढाईही केली.

याच्या उलट प्रवास खुकरीचा. नेपाळच्या डोंगरात ती लाकूडफाटा तोडायला, चारा कापायला, बोकड मारायला घरोघर वापरात होती. सैन्यात ती गुरख्यांच्या कमरेला लागून आली. म्हणून खुकरी रानात नेली की तिला काही शिकवावं लागत नाही. का-बारला शिकवावं लागतं. तो शेतातून आलेला नाही, पण शेताकडे तोंड करून उभा आहे, असं मला त्याच्याबद्दल वाटतं, आणि म्हणूनच मी त्याच्यावर मेहनत घेतली.

पहिल्यांदा तो शेतावर नेला तेव्हा मेहुण्याने हातात घेऊन उलटासुलटा केला. “हाऊ काय चाकू शे, दाजी? इतला मोठा कसाले?” मग अंगठा धारेवर आडवा फिरवून म्हणाला, “धार ते चांगली शे, पन जाड शे.” चाकूबद्दल परदेशी मासिकांत मी जे पानंच्या पानं वाचलं होतं, त्याचा निम्मा अर्क या एका वाक्यात होता.

पाठीला पातं ४ मिलिमीटरच्या थोडं वरच जाड आहे. पन्हळीच्या खाली उतार सुरू होतो आणि धारेपर्यंत येतो, पण पात्याची रुंदी अवघी ३ सेंटिमीटर. एवढ्या कमी रुंदीत एवढी जाडी उतरवायची म्हणजे उतार उभा पडणार. मोरा कंपनीचा साधा बागकामाचा चाकू २.५ मिलिमीटरचा असतो आणि ऊस सोलताना लोण्यातून गेल्यासारखा जातो. का-बारने कांदा कापायला गेलं की सुरुवातीला तो कापतो आणि निम्म्यावर गेल्यावर फोडतो. कांद्याच्या दोन फाकी टणकन बाजूला होतात. गाजर, मुळा, कच्ची कैरी, सगळ्यांचं तेच. टोमॅटोचं मात्र तसं नाही, तिथे फक्त धार बोलते.

धार लावायचं काम मी घरीच केलं. सायकलवर चाक लावून फिरणारे धारवाले आमच्या कॉलनीत येतात आणि विळी-कात्रीला ते उत्तम धार देतात, पण या पोलादाला कोरडं चाक लावायची माझी तयारी नव्हती. हे पोलाद १०९५ जातीचं, म्हणजे साधारण एक टक्का कार्बन असलेलं, त्यात थोडं क्रोमियम आणि व्हॅनेडियम. पाणी दिल्यानंतर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यानंतर, ते दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. धारेची कड इतकी पातळ असते की चाकावर एका क्षणात ती त्याच्या वर तापते. आधी पिवळसर छटा येते, मग तपकिरी, आणि तीनशे अंशांजवळ निळी. निळी छटा दिसली की तिथलं पाणी उतरलं म्हणून समजायचं. मग ती धार कितीही लावा, दोन खुंट्या तासल्या की बोथट.

म्हणून दुबाजू दगड, बादलीत पाणी आणि ओला टॉवेल खाली अंथरून बसलो. कारखान्यातून धार दर बाजूला सुमारे २० अंशांनी लावलेली येते. हा कोन हाताला कसा कळायचा? पातं ३ सेंटिमीटर रुंद आहे. पाठ दगडापासून साधारण १ सेंटिमीटर उचलली की २० अंश होतात. एक सेंटिमीटर जाडीची पट्टी शेजारी ठेवून दोन-चार वेळा अंदाज घेतला की मनगट तो लक्षात ठेवतं. धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढायची आणि दोन हात फिरवून बघायचं: शाई धारेच्या टोकाशी गेली तर कोन बरोबर, वर खांद्याशीच गेली तर पाठ जास्त खाली आली आहे. एका बाजूने घासत गेल्यावर दुसऱ्या बाजूला बोटाला अडेल अशी बारीक कड उठते. ती टाचेपासून टोकापर्यंत सलग उठल्याशिवाय बाजू बदलायची नाही. घाई होते ती इथेच, आणि मग टोकाकडचे दोन इंच बोथट राहतात.

नुसती धार लावून माझं काम भागणार नव्हतं. मला धारेच्या वरचा खांदा उतरवायचा होता, म्हणजे जिथे पात्याचा उतार संपून धारेचा उतार सुरू होतो तो कोपरा. जाड दगडावर पाठ आणखी खाली आणून, साधारण अर्धा सेंटिमीटर उंचीवर, मी तो कोपरा घासत गेलो. हे काम कंटाळवाणं आहे. हात काळे होतात, दगड मध्ये खोलगट होतो, संध्याकाळ जाते आणि पात्याकडे बघून काही झालंय असं वाटत नाही. पण खांदा गोल झाल्यावर तोच चाकू लाकडात शिरताना वेगळा वागू लागला. आधी तो लाकडावरून निसटायचा, आता चावा घेऊन आत राहू लागला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूला पॉलिशची हिरवी पेस्ट लावून त्यावर धार उलटी ओढली. २० अंशांचा शेवटचा कोन मी तसाच ठेवला. तो आणखी बारीक केला असता तर बाभळीच्या गाठीने धारेचे दात पाडले असते.

पात्यावर काळा लेप असतो. गंजापासून बचाव म्हणून तो चांगला, पण लाकडात खोल जाताना तो घासतो आणि स्वयंपाकात मला तो नकोच होता. लेप काढल्यावर उघडं कार्बन पोलाद समोर आलं, आणि त्याने लगेच रंग बदलायला सुरुवात केली. पहिलं लिंबू चिरलं तिथे करडा डाग. कांद्याने निळसर झाक. शेजारच्या केळीचं पान कापलं तर चिकाने जांभळट-काळा ओघळ उमटला, तो आजही पुसट दिसतो. हे डाग मी घासून काढत नाही. हा करडा थर घट्ट बसला की तांबडा गंज धरायला वेळ लागतो. पात्यावर तेल हवं, पण घरातलं शेंगदाण्याचं तेल लावून महिनाभर ठेवलं तर ते चिकट होऊन धूळ धरतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचा एक थेंब पुरतो आणि त्याच चाकूने काकडी चिरली तरी घोर नाही.

आता आडपट्टी. ही पट्टी सगळ्यांत जास्त नडली, आणि तिचं नडणं समजून घेतलं तर लढाईचा चाकू आणि कामाचा चाकू यांतला फरक पुरता कळतो. भोसकताना हात ओला असेल, समोर हाडासारखं काही कठीण लागलं, तर मूठ तिथेच थांबते आणि हात पुढे घसरून स्वतःच्याच धारेवर येतो. ते होऊ नये म्हणून आडपट्टी. ज्या कामासाठी ती आहे त्यासाठी ती हवीच. पण लाकूड तासताना हात घसरत नाही, लाकूड तासताना जोर मुठीपासून जितका जवळ तितका चांगला. मोराच्या चाकूत धार बोटांना लागूनच सुरू होते. का-बारमध्ये आधी आडपट्टी, मग धार नसलेला बोटभर भाग, मग धार. खुंटीचं टोक काढायचं तर आपण बोटांपासून दोन सेंटिमीटर पुढे काम करतो. मनगटाला तेवढा भार वाढतो आणि तासाभरात हात भरून येतो.

शिवाय वरची आड. बारीक तासताना अंगठा पाठीवर ठेवून दाब द्यायची आपली सवय. इथे अंगठा पुढे सरकवला की तो लोखंडाच्या कोपऱ्यावर चढतो. सुबाभळीची वाळकी काठी घेऊन मी विस्तवासाठी कुरळे छिलके काढत होतो, म्हणजे काठीला धरूनच राहिलेले पातळ पापुद्रे, जे एका काडीत पेटतात. अंगठ्याच्या बुडाशी वरची आड इतकी रुतली की तिथे लाल वळ उठला. काही जण त्यावर कापड गुंडाळतात. मी कानस घेतली.

आडपट्टीचं लोखंड पात्यासारखं कडक नसतं, ते कानशीला येतं. पातं ओल्या फडक्यात गुंडाळून, दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून, शिकंज्यात आवळलं आणि वरची आड पाठीच्या पातळीला येईपर्यंत घासली, मग पॉलिश पेपरने कोपरे मोडले. खालची आड ठेवली. ओल्या हाताने काम करताना तिचा उपयोग होतो, आणि तिने कशालाच अडथळा येत नाही. ज्यांना चाकू मूळ रूपात जपायचा आहे त्यांनी हे करू नये, जुना महायुद्धातला चाकू असेल तर अजिबातच नाही. माझा नवा होता आणि मला त्याच्याकडून काम हवं होतं. त्या दुपारी मेहुणा तिथेच होता. आड गेल्यावर त्याने तीच सुबाभळीची काठी घेतली, अंगठा पाठीवर सरळ ठेवून चार छिलके काढले आणि म्हणाला, “आते कसं जमनं!”

त्यानंतर थंडीत भरताची पार्टी झाली. खान्देशात भरीत म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. जळगावकडची ती मोठी, हिरवट-पांढरी वांगी, बामणोद-आसोद्याची नावं ज्यांच्यासाठी घेतात, ती तेलाचा हात फिरवून, चिरा देऊन विस्तवावर टाकायची. विस्तव कपाशीच्या पऱ्हाट्यांचा. पऱ्हाटी झपकन पेटते, तिची आच मोठी आणि थोडा वेळ टिकणारी, आणि तिच्या धुराचा वास वांग्यात उतरतो तो गॅसवर कधीच उतरत नाही. मी चाकूने पऱ्हाट्या मोडत बसलो नाही, त्या गुडघ्यावर मोडतात. वांग्यांना चिरा मात्र त्यानेच दिल्या, आणि इथे टोकाचं कौतुक करावंच लागेल. देठाजवळ टोक टेकवून नुसतं दाबलं की आत. भाजलेलं वांगं विस्तवातून ओढायला ७ इंची पातं कामी आलं, हात आचेपासून लांब राहिला. वांग्याची करपलेली साल पात्याच्या पाठीने ओढून काढली. कांद्याची पात आणि कोथिंबीर फळीवर बारीक करताना पात्याचा पोटाकडचा बाक असा डुलत चालला की सासूबाईंनीही एकदा हातात घेऊन बघितला. लसूण सोलायला त्यांनी परत केला, ते योग्यच. त्यासाठी छोटी सुरी हवी. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, वांग्याचा गर, सगळं लाकडी भांड्यात दांड्याने ठेचून झालं, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर आम्ही शेतातच जेवलो.

मटणाला मी तो पुन्हा वापरणार नाही. पातं चांगलं चालतं, सांध्यांतून टोक बरोबर जातं, पण चामड्याची मूठ रक्त आणि चरबी पिते. चकत्यांच्या फटीत काय गेलं ते धुऊन निघत नाही, आणि चामडं गरम पाण्याने धुवायचं म्हणजे त्याचा जीव घ्यायचा. लाटीपाडा धरणाकडून आणलेल्या माशांचे खवले पाठीने छान निघाले, पण मूठ दोन दिवस वास सोडत नव्हती. मांसमच्छीला रबरी किंवा प्लास्टिकच्या मुठीचा चाकू घ्यावा.

चामड्याची दुसरी गोष्ट हवामानाची. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर बसलेला असतो आणि कधी पंचेचाळीसलाही जातो. त्या कोरड्या उन्हात चकत्या आकसतात आणि त्यांच्यामध्ये नखाला जाणवेल अशी फट येते. आषाढ-श्रावणात उलट, त्याच चामड्यावर पांढरी बुरशी. उन्हाळ्याच्या तोंडाला मुठीला मधमाश्यांचं मेण चोळायचं, हेअर ड्रायरने हलकं गरम करून आत जाऊ द्यायचं, वरचं पुसून टाकायचं. तेल ओतायचं नाही, त्याने चामडं मऊ पडतं आणि मूठ हलायला लागते. आणि चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून विसरायचा नाही. म्यान ओल धरून ठेवतं, कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लंही त्यात असतात. पावसाळ्यात आठ दिवसांत पात्यावर तांबडे ठिपके दिसतात. घरी तो कोरड्या कापडात गुंडाळून वेगळा ठेवतो, म्यान वेगळं.

लाकडाबद्दल लोक सगळ्यांत जास्त विचारतात, विशेषतः पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकून ओंडका फाडण्याबद्दल. का-बारच्या पात्याची शेपटी मुठीत अरुंद होत जाते आणि शेवटी लोखंडी बुडाला पिनेने अडकवलेली असते. पूर्ण रुंदीचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं नसतं. त्यामुळे मनगटाएवढ्या जाडीचं, सरळ शिरेचं, वाळलेलं सुबाभूळ मी बिनधास्त फाडतो. पातं लाकडात आडवं बसवायचं, मूठ सैल धरायची, पाठीवर दोन्ही बाजूंना सारखं ठोकायचं. फक्त टोकावर ठोकत राहिलं तर सगळा ताण त्या अरुंद शेपटीवर येतो. बाभळीच्या गाठीत हा चाकू घालू नये. आणि अंजनाला तर हातही लावू नये. धुळ्याकडच्या डोंगरात अंजन भरपूर आहे, आपट्यासारखी जोडपानं दिसतात. त्याचं लाकूड भारतातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांत मोजतात. वाळलेल्या अंजनाच्या फांदीवर मी धार आजमावली तेव्हा छिलका निघण्याऐवजी भुकटी निघाली आणि धारेवर चमकणारी चपटी रेघ उमटली. त्याला कुऱ्हाडच लागते, आणि कुऱ्हाडीचाही कस लागतो.

तोडण्याच्या कामात तो विळ्यापुढे उभा राहत नाही. वजन साधारण सव्वातीनशे ग्रॅम, त्यातलं बरंच मुठीकडे. कोयत्याचं वजन पुढे असतं, घाव आपोआप खाली येतो. सासरे, ज्यांना गाव आबा म्हणतं, त्यांनी बांधावरची अंगठ्याएवढी बोरीची फांदी विळ्याच्या एका ओढीत तोडली. काट्यांपासून हात लांब, कंबर वाकवायची गरज नाही. त्याच जाडीची फांदी मी चाकूने तोडली तेव्हा आधी ती वाकवून ताणावी लागली, मग ताणलेल्या बाजूने तिरपा घाव घातल्यावर तुटली. युक्ती चांगली आहे, ओली फांदी ताणली की धागे आधीच सुटायला आलेले असतात. पण हातात विळा असताना ती करायचं कारण नाही. खणायला तर खुरपंच घ्यावं. आमच्या मुरमाड जमिनीत काळ्या पाषाणाचे खडे आहेत, धार एका खोचणीत जाते.

मग या चाकूला जागा कुठे उरते? विळा, कुऱ्हाड, खुरपं, सुरी हे सगळं घेऊन माणूस डोंगरावर जात नाही. भामेरच्या किल्ल्याखाली ओळखीच्यांच्या शेतात आम्ही मुक्काम केला तेव्हा माझ्याकडे कापणारं हे एकच होतं. ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या, वेळूच्या खुंट्या तासल्या आणि मुठीच्या लोखंडी बुडाने ठोकल्या, गव्हाच्या कणकेचे गोळे भाजायला काठ्या सोलल्या, पाठीची कड कानशीने चौकोनी केलेली असल्याने फायर स्टीलवर ठिणगी पाडली. प्रत्येक काम दुसऱ्या कुठल्या तरी अवजाराने जास्त चांगलं झालं असतं, पण सगळी कामं झाली, आणि सकाळी त्याच धारेने टोमॅटो चिरला. असा चाकू कमरेला असला की माणूस निर्धास्त राहतो. मरीन सैनिकांना तो का प्रिय झाला असेल, ते मला त्या मुक्कामात खऱ्या अर्थाने कळलं.

कमरेला म्हणालो ते शेतात. गावात, बाजारात, एसटीत तो माझ्या पिशवीच्या तळाशी, कापडात गुंडाळून, म्यानात बांधलेला असतो. शस्त्र नियमांच्या यादीत तलवारी, खंजीर, संगिनी यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. ७ इंची एकधारी चाकू त्या मापात बसत नाही, पण दुधारी कमांडो खंजीर ‘खंजीर’ म्हणूनच मोजला जाईल, हे विकत घेणाऱ्याने आधी लक्षात घ्यावं. शिवाय सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा माप विचारलं जात नाही. आणि अभयारण्यात तर न्यायचाच नाही. यावल असो, अनेर असो, गौताळा असो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने जंगलाला धोका होईल असा विस्तव लावायला आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जायला मनाई आहे. ती मनाई मला पटते. सासुरवाडीच्याच तालुक्यात बारीपाडा गावच्या लोकांनी स्वतः नियम घालून जंगल उभं केलंय. तिथल्या ओल्या फांदीवर चाकूची धार बघावी असं कोणाच्याही मनात येऊ नये. माझी सगळी तासातासी बांधावरच्या सुबाभळीवर झाली, जिची छाटणी तशीही दरवर्षी करावी लागते.

मेहुण्याला चाकू आवडला होता, पण त्याला तसाच नको होता. बाजाराच्या दिवशी आम्ही तो लोहाराकडे नेला. लोहाराने पातं कोळशाच्या उजेडात धरून पाठीवरून नजर टाकली, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, पन्हळीवर बोट फिरवून विचारलं, “ही रगताची नाली का?” अनेकांचा तसा समज आहे. वजन कमी व्हावं आणि पातं ताठ राहावं म्हणून ती काढतात, बाकी तिचं काही काम नाही, हे मी सांगितल्यावर त्याने मान डोलावली आणि म्हणाला की मग लहान चाकूला ती कशाला. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा त्याच्याकडे होता. मेहुण्याने तळहात आडवा धरून माप दिलं: पातं पाच इंच, जाडी निम्मी, धार बोटाला लागून, आड एकच आणि तीही खाली, टोक का-बारसारखंच. मूठ धावड्याची, पोलाद बुडापर्यंत सलग, तीन रिपिटांनी ठोकलेली. लोहाराने पातं लाल करून तेलात बुडवलं, काळं झालेलं अंग घासून चमकवलं, आणि पुन्हा निखाऱ्याजवळ धरून गव्हाळ रंग चढेपर्यंत थांबला. निळा चढू दिला नाही. तो चाकू आता मेहुण्याच्या मोटारसायकलच्या डिकीत असतो. कांदा त्याने फुटत नाही, कापला जातो. सुबाभळीचा ओंडका फाडायला मात्र तो अजून माझाच मागून नेतो.